घड्याळाशी झुंज : अमेरिकी महाविद्यालयीन फुटबॉलमधील विलंब आणि वेग

घड्याळावर चालणाऱ्या प्रत्येक खेळाच्या पोटी एक झगडा दडलेला असतो. आघाडीवर असलेल्याला वेळ संपावासा वाटतो आणि पिछाडीवर असलेल्याला तो थांबावासा वाटतो. कसोटी सामन्यात पराभव टाळण्यासाठी दिवस ढकलणारे फलंदाज आपण पाहिले आहेत. तथापि या झगड्याचा सर्वांत सविस्तर इतिहास पाहावयाचा तर तो अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये. हा खेळ आपल्या परिचयाच्या फुटबॉलहून निराळा असून लंबगोल चेंडू हाती घेऊन धावण्याचा व फेकण्याचा आहे. त्याच्या नियमांची वाटचाल पाहता, ‘न खेळता जिंकणे याला खेळणे म्हणावे काय?’ या एकाच प्रश्नाला दिलेली ती उत्तरे आहेत, असे आम्हांस वाटते.

हा प्रश्न प्रथम उघडपणे उभा राहिला तो १८८१ साली. येल विद्यापीठाच्या वॉल्टर कॅम्प यांच्या पुढाकाराने आदल्याच वर्षी असा नियम झाला होता की, चेंडू ज्या संघाकडे असेल त्याने तो आपल्याकडे ठेवूनच पुढचा डाव सुरू करावा. हेतू चांगला होता. पण चेंडू सोडण्याची सक्ती मात्र कोठेच नव्हती. त्याचा परिणाम प्रिन्स्टन आणि येल यांच्या सामन्यात दिसला. पहिला अर्धा भाग प्रिन्स्टनने चेंडू दाबून ठेवला, दुसरा अर्धा भाग येलने. सामना शून्य-शून्य सुटला आणि प्रेक्षक विटले. त्यावर १८८२ मध्ये तोडगा निघाला : तीन प्रयत्नांत पाच यार्ड पुढे जा, अन्यथा चेंडू प्रतिपक्षाच्या स्वाधीन करा. हे अंतर मोजण्यासाठी मैदानावर आडव्या रेषा आखाव्या लागल्या. पुढे १९०६ मध्ये पाचांचे दहा यार्ड झाले आणि १९१२ मध्ये तिनांचे चार प्रयत्न. आजचा खेळ याच पायावर उभा आहे. आपल्या प्रो कबड्डीत दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसऱ्या चढाईत गुण मिळवावाच लागतो, नाही तर चढाईपटू बाद होतो. त्या नियमामागील विचार नेमका हाच आहे.

तरीही विलंबाची वाट पुरती बंद झाली नाही. सामना साठ मिनिटांचा; पण घड्याळ कधी थांबते आणि कधी चालत राहते, यात सारी मेख आहे. फेकलेला चेंडू कोणी झेलला नाही, तर घड्याळ थांबते. चेंडू घेऊन धावणारा खेळाडू मैदानातच पाडला गेला, तर ते चालत राहते. दोन डावांमध्ये चाळीस सेकंदांपर्यंत अवधी घेता येतो. प्रत्येक अर्ध्या भागात प्रत्येक संघाला तीन टाइम-आउट मिळतात. म्हणून आघाडीवरचा संघ शेवटी शेवटी चेंडू फेकत नाही. धावतो आणि पडतो. प्रतिपक्षाचे टाइम-आउट संपले की क्वार्टरबॅक चेंडू हाती घेऊन नुसता गुडघा टेकतो आणि सेकंदे गळू लागतात. हे दृश्य रसहीन खरे. पण त्याचा कंटाळा करणाऱ्याला काय किंमत मोजावी लागते, ते ७ ऑक्टोबर २०२३ रोजी मायामी विद्यापीठाने अनुभवले. जॉर्जिया टेकविरुद्ध २०-१७ अशी आघाडी होती, अर्ध्या मिनिटाच्या आसपास वेळ उरला होता आणि प्रतिपक्षाकडे एकही टाइम-आउट नव्हता. गुडघा टेकण्याऐवजी मायामीने धाव घेतली, चेंडू निसटला आणि जॉर्जिया टेकने अखेरच्या क्षणी २३-२० असा विजय मिळवला.

विलंबाच्या अगदी उलट मार्ग वेगाचा. चिप केली यांनी २००९ ते २०१२ या काळात ऑरेगॉन विद्यापीठाच्या प्रशिक्षकपदी असताना तो विशेष गाजवला. दोन डावांच्या मध्ये खेळाडूंनी घोळका करून मसलत करण्याची प्रथा त्यांनी मोडली. सीमारेषेबाहेरून चित्रफलक दाखवून संकेत दिले जात. आक्रमक संघाने खेळाडू बदलला नाही, तर बचाव करणाऱ्यांना बदल करण्यास उसंत मिळत नाही. धापा टाकीतच त्यांना पुढच्या डावाला उभे राहावे लागते. येथे घड्याळाशी नव्हे, तर प्रतिपक्षाच्या श्वासाशी लढाई असते.

पण वेगाला स्वतःचा शाप आहे. ऑबर्न विद्यापीठाचा २०१३ चा हंगाम त्याची साक्ष देतो. गस मल्झान यांचा हा संघ वेगवान आक्रमणासाठी प्रसिद्ध होता. ३० नोव्हेंबर रोजी अलाबामाविरुद्धचा सामना २८-२८ असा बरोबरीत असताना वेळ संपल्याचे दिसले. परंतु अलाबामाचे निक सेबन यांनी दाद मागितली आणि चित्रफीत तपासून एक सेकंद परत देण्यात आला. त्या सेकंदात अलाबामाने दूरवरून मारलेला गोल तोकडा पडला. ऑबर्नच्या क्रिस डेव्हिस यांनी तो चेंडू झेलून मैदानाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नेला आणि सामना जिंकला. मागून घेतलेला सेकंद मागणाऱ्यालाच भोवला! पुढे ६ जानेवारी २०१४ रोजी फ्लोरिडा स्टेटविरुद्धच्या राष्ट्रीय अंतिम सामन्यात ऑबर्नने ३१-२७ अशी आघाडी मिळवली, तेव्हा घड्याळात एक मिनिट एकोणीस सेकंद उरले होते. प्रतिपक्षाने ऐंशी यार्डांची वाटचाल केली आणि तेरा सेकंद शिल्लक असताना गुण मिळवून सामना ३४-३१ असा जिंकला. फार लवकर मिळवलेली आघाडी शत्रूला वेळ बहाल करते, हा याचा बोध.

नियमकर्तेही या दोन टोकांमध्ये हेलकावे खात आले आहेत. सामने आखूड व्हावेत म्हणून २००६ मध्ये असा नियम केला की, प्रारंभीच्या किकबरोबरच घड्याळ सुरू व्हावे. विस्कॉन्सिनचे प्रशिक्षक ब्रेट बिलेमा यांनी त्याच वर्षी पेन स्टेटविरुद्ध आपले खेळाडू मुद्दाम नियमबाह्य पुढे धाडून मध्यंतरापूर्वीची सेकंदे संपवून दाखवली. नियम वर्षभरात मागे घ्यावा लागला. हेच बिलेमा २०१४ मध्ये सेबन यांच्यासह वेगवान आक्रमणाला वेसण घालण्याच्या बाजूने उभे होते. पहिले दहा सेकंद डाव सुरू करू नये, असा तो प्रस्ताव. खेळाडूंची सुरक्षितता हे कारण पुढे करण्यात आले. विरोधकांनी पुरावा मागितला आणि मार्चमध्ये प्रस्ताव बाजूला ठेवला गेला. त्या प्रस्तावातही प्रत्येक अर्ध्या भागातील शेवटची दोन मिनिटे वगळलेली होती, हे ध्यानी घ्यावयास हवे. पुढे २०२३ मध्ये दहा यार्ड पूर्ण झाल्यावर घड्याळ थांबवण्याची प्रथा बहुतांशी संपली. तेथेही शेवटची दोन मिनिटे अपवादच ठेवली.

मग प्रारंभीच्या प्रश्नाचे उत्तर काय? प्रशासनात आयुष्य घालवलेल्या आम्हांस, निर्णय लांबणीवर टाकणे हाही एक निर्णयच असतो, हे कोणी सांगावयास नको. परंतु विलंब-विलंबात अंतर आहे. १८८१ चा विलंब फुकटचा होता. चेंडू हाती आहे एवढ्याच बळावर तो साधला जाई. आज गुडघा टेकणारा संघ आधी गुण मिळवून आघाडी घेतो आणि बहुधा दहा-दहा यार्ड झगडून चेंडू राखतो. तेव्हा कोठे त्याला स्वस्थ बसण्याचा अधिकार लाभतो. तो कमावलेला विलंब होय. वेगाचेही तसेच : प्रतिपक्षाची दमछाक करणारा वेग शस्त्र ठरतो, पण सवय म्हणून धावणाऱ्याला थांबण्याची वेळ कळत नाही. नियमांनी चेंडू सोडावयास भाग पाडता येते. केव्हा धावावे आणि केव्हा गुडघा टेकावा, हा विवेक मात्र कोणत्याही नियमपुस्तकातून येत नाही.