कपाळावरून उतरलेलं नाक

ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझीन’ या मासिकात हिंदुस्थानातून आलेलं एक पत्र छापलं गेलं. खाली सही म्हणून ‘बी. एल.’ एवढी दोनच अक्षरं. सोबत कावसजी नावाच्या माणसाचं चित्र होतं. हा शेतकरी जातीतला मराठा, इंग्रजी फौजेत बैल हाकायला होता. टिपूविरुद्धच्या १७९२ च्या लढाईत तो पकडला गेला. टिपूच्या माणसांनी त्याचं नाक आणि एक हात कापून त्याला सोडून दिलं. वर्षभराहून जास्त काळ तो तसाच राहिला. मग पुण्याजवळच्या एका वीट पाडणाऱ्या कुंभाराने त्याला नवं नाक बसवून दिलं.

आज जगभर कपाळाच्या कातडीपासून नाक उभारण्याची जी शस्त्रक्रिया होते, तिच्या कुळाचा हा सर्वांत ठळक लेखी दाखला. तो आपल्या पुण्याचा आहे, आणि मराठी माणसाला याची फारशी खबर नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं.

मुंबई इलाख्यातल्या दोन डॉक्टरांनी ही शस्त्रक्रिया होताना डोळ्यांनी पाहिली होती. त्यातले टॉमस क्रुसो पुण्याच्या इंग्रज वकिलातीचे डॉक्टर. त्यांनी पाहिलं ते पत्रात पायरीपायरीने उतरलं आहे. कुंभार आधी मेणाचा पातळ पापुद्रा घेई आणि उरलेल्या नाकाच्या बुडख्यावर बसवून नाकाचा घाट काढी. तोच पापुद्रा सपाट करून कपाळावर ठेवायचा, भोवती रेघ ओढायची आणि तेवढी कातडी सोडवायची. मात्र दोन डोळ्यांच्या मधली एक चिंचोळी पट्टी तशीच जोडलेली राखायची. मग जुना व्रण खरवडून ताजा करायचा, नाकपुड्यांच्या कडेने आणि वरच्या ओठाशी चीर घ्यायची, कपाळाची कातडी अर्धा पीळ देऊन खाली आणायची आणि तिची कड त्या चिरेत बसवायची. टाके नाहीत. पाण्यात मऊ केलेला कात फडक्याच्या पट्ट्यांना लावून पाचसहा पट्ट्या एकावर एक चिकटवायच्या. चार दिवसांनी त्या काढून तुपात भिजवलेलं फडकं. पहिले पाचसहा दिवस रोग्याने उताणं पडून राहायचं. दहाव्या दिवशी नाकपुड्या मिटू नयेत म्हणून मऊ कापडाचे बोळे. पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास मधली पट्टी कापायची. शस्त्रक्रियेत भूल द्यायला ईथर वापरात यायला तेव्हा अजून अर्धशतक होतं, हे वाचताना विसरू नये.

सारं मर्म कातडीच्या त्या मधल्या पट्टीत आहे. भुवईच्या आतल्या टोकापाशी डोळ्याच्या खोबणीतून बाहेर पडणाऱ्या रक्तवाहिन्या कपाळावर वर चढतात. पट्टी शाबूत, तर रक्त चालू. खाली आणलेली कातडी या देठावर जगते आणि दरम्यान नाकाच्या ताज्या जखमेतून तिच्यात नव्या रक्तवाहिन्या शिरतात. त्या पुरेशा झाल्या की देठ तोडला तरी चालतो. पट्टी घाईने कापली, तर कातडी काळी पडून मरते. कुंभाराकडे रक्ताभिसरणाचं पुस्तक नव्हतं, पण पंचवीस दिवस थांबायचं हे त्याला ठाऊक होतं.

याचं सगळं श्रेय सुश्रुताला देऊन मोकळं होण्याची आपली सवय आहे. सुश्रुतसंहितेत नाक जोडण्याची रीत आहे यात शंका नाही: झाडाचं पान नाकाच्या मापाने कापायचं, तेवढी कातडी घ्यायची, श्वासासाठी दोन नळ्या बसवायच्या. पण ती कातडी गालाची आहे, कपाळाची नव्हे. गालावरून कपाळावर जाणं ही लहान सुधारणा नाही. कपाळाची कातडी जाड, रंगाने नाकाशी जुळणारी, देठ भक्कम, आणि चेहऱ्याच्या मधोमध राहिलेला व्रण काळाने पुसट होतो. हा शोध लावणारी माणसं ग्रंथ लिहिणारी नव्हती. ती पिढ्यान्‌पिढ्या हाताने शिकत आणि शिकवत गेली. पाहणाऱ्या डॉक्टरांची नावं पत्रात आली, चित्र काढणारा जेम्स वेल्स हा पेशव्यांच्या पुण्यात नावाजलेला चितारी होता, रोग्याचंही नाव राहिलं. ज्याने नाक बसवलं त्याच्या नावाच्या जागी मात्र फक्त जात लिहिली गेली. मला हा अन्याय वाटतो.

युरोपात याआधी बोलोन्याच्या टाल्याकोत्सीची रीत होती. १५९७ च्या त्याच्या ग्रंथात दंडाची कातडी नाकाला जोडून हात कित्येक दिवस डोक्याशी बांधून ठेवायला सांगितलं आहे. पुढे ती जवळजवळ विसरलीच गेली. म्हणून पुण्याची बातमी वाचून लंडनचा सर्जन जोसेफ कार्प्यू इतका भारावला. त्याने मृतदेहांवर सराव केला, योग्य रोग्याची वर्षानुवर्षं वाट पाहिली आणि १८१४ मध्ये चेल्सीच्या यॉर्क हॉस्पिटलात एका लष्करी अधिकाऱ्यावर पहिली शस्त्रक्रिया केली. दोन रोग्यांचा वृत्तांत १८१६ मध्ये पुस्तकरूपाने आला, आणि तिथून ही रीत युरोपभर पसरली. इकडे जुनागडचे डॉक्टर त्रिभुवनदास शहा यांनी दरोडेखोरांनी कापलेली नाकं याच मार्गाने दुरुस्त केली आणि १८८९ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं.

आज नाक कापलेले रोगी क्वचितच येतात. त्वचेच्या कर्करोगाची गाठ काढल्यावर नाक उभारायचं असतं तेव्हा कपाळाचा फ्लॅप, म्हणजे देठासकट खाली आणलेली कातडी, लागतो. जुन्या रीतीने बसवलेल्या नाकाला आतून अस्तर नसे, त्यामुळे ते आकसत जाई. आता आत अस्तर देतात आणि आधाराला कानाची किंवा बरगडीची कूर्चा घालतात. बाकी क्रम ओळखीचा आहे. मेणाच्या जागी कित्येक सर्जन टाक्याच्या पाकिटातला चंदेरी कागद माप घ्यायला वापरतात. रोग्याला सुमारे तीन आठवडे भुवईपासून नाकापर्यंत लोंबणारा देठ घेऊन राहावं लागतं. त्या काळात चष्मा नीट बसत नाही, पहिल्या दिवसांत देठाच्या कडेतून रक्त झिरपतं, चेहरा आरशात पाहवत नाही. कपाळावरची जखम केसांच्या रेषेजवळ मिटत नसेल, तर ती उघडीच ठेवून आपोआप भरू देतात. तीन आठवड्यांनी देठ सुटतो, आणि नाकाला बारीक आकार द्यायला अनेकदा आणखी एक बैठक लागते.