आपत्तीची विद्या आणि आपला मराठवाडा



आपल्या शहरातून पूर्वी कोणी विलायतेला गेला, तर तो बॅरिस्टर होण्यासाठी जाई. पुढे मुले डॉक्टरी आणि इंजिनियरिंगसाठी जाऊ लागली. अलीकडे या यादीत एका नव्या विद्येची भर पडली आहे. संकटाचा धोका आधी कसा ओळखावा, तो कमी कसा करावा आणि संकट येऊन गेल्यावर समाजाने पुन्हा उभे कसे राहावे, याचा पदव्युत्तर अभ्यासक्रम तिकडे शिकवितात. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात तर २०१० मध्ये या विषयासाठी स्वतंत्र संस्थाच निघाली. घरात ही गोष्ट निघाली की वडीलधारी मंडळी विचारतात, ‘दुष्काळ आणि भूकंप शिकायला इतक्या लांब कशाला जायचे? ते तर आपल्या दाराशीच येतात!’ प्रश्न थट्टेचा वाटतो. पण इतिहासाच्या अभ्यासकाने तो थट्टेवारी नेऊ नये.

या विद्येचे मूळ सूत्र सोपे आहे. पाऊस न पडणे ही निसर्गाची करणी. परंतु पावसावाचून माणसे उपाशी मरणे ही समाजाची करणी. १९७६ मध्ये ‘नेचर’ या ब्रिटिश नियतकालिकात तीन अभ्यासकांनी असे मांडले, की ‘नैसर्गिक आपत्ती’ या कल्पनेतले नैसर्गिकपण आता काढून टाकले पाहिजे. तहान लागल्यावर विहीर खणू नये, ही आपली म्हण याहून पुष्कळ जुनी. ती आपण केव्हा पाळली आणि केव्हा विसरलो, एवढेच आज पाहू.

१६१० मध्ये मलिक अंबराने खडकी वसविली, तेच आपले हे शहर. गाव नावाप्रमाणे खडकाळ, आणि मोठी नदी जवळ नाही. अंबराने १६१७ च्या सुमारास उत्तरेकडील डोंगरपायथ्याचे झिरपते पाणी जमिनीखालच्या बांधीव नळांतून गावात आणले. वाटेत जागोजाग उंच बंबे उभारून पाण्याचा जोर सांभाळला. पुढे याच धर्तीवर आणखी नहरी झाल्या. अठराव्या शतकातील पाणचक्की हे त्याच विद्येचे फळ. ही झाली तहानेच्या आधी खणलेली विहीर.

पण १६२६ मध्ये अंबर वारला, आणि १६३० ते १६३२ या सालांत दख्खन आणि गुजरातेवर भयंकर दुष्काळ कोसळला. पाऊस तर गेलाच होता. त्यातच शहाजहानच्या फौजा निजामशाहीवर चालून आल्या होत्या. फौज जिथून जाई तिथले धान्य आणि वैरण तिच्याच पोटात जाई. नहर शहराला पाणी देऊ शकत होती, भाकरी नव्हे. अवर्षणाला युद्धाची जोड मिळाली की त्याचा दुष्काळ कसा होतो, हे त्या वेळी या भूमीने पाहिले.

याच्या उलट उदाहरण आपल्यापैकी अनेकांनी डोळ्यांनी पाहिले आहे. १९७० पासून पाऊस हुलकावणी देत होता. १९७२ मध्ये तर त्याने पाठच फिरविली. विहिरी आटल्या, गुरे गेली, मिलो खाऊन लोकांनी दिवस काढले. तरी उपासमारीने गावेच्या गावे ओस पडली नाहीत. याचे कारण सरकारने काढलेली कामे. १९७३ च्या मे महिन्यात राज्यभर सुमारे ५० लाख माणसे खडी फोडीत होती, नाले बांधीत होती, पाझर तलाव खणीत होती. धान्य असले तरी ते विकत घ्यायला हाती मजुरी नसेल, तर माणूस मरतो, हे त्या कामांनी ओळखले. वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यातील विसापूरला जो प्रयोग केला होता, त्याचाच विस्तार होऊन रोजगार हमी योजना उभी राहिली. १९७७ मध्ये तिचा कायदा झाला, आणि २००५ मध्ये साऱ्या देशाने ते तत्त्व उचलले.

आता गंमत पाहा. आपला विद्यार्थी विलायतेत ग्रंथालयात बसतो आणि ज्याँ ड्रेझ व अमर्त्य सेन यांचा १९८९ चा, भुकेविषयीचा ग्रंथ उघडतो, तर त्यात याच दुष्काळाची सविस्तर चर्चा. त्याच्या आजीने उन्हात फोडलेली खडी तिथे सिद्धान्ताचा आधार झालेली असते.

दुसरा धडा कडू आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जनाची रात्र सरता सरता, किल्लारीची धरणी हादरली. लातूर आणि त्या वेळचा उस्मानाबाद या जिल्ह्यांत सुमारे ८,००० माणसे गेली. त्या काळी हा भाग भूकंपाच्या नकाशावर सर्वांत सुरक्षित पट्ट्यात रंगविलेला होता! मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वर मातीचे जड माळवद. उन्हाळ्यात हेच घर थंडावा देई, त्या पहाटे तेच थडगे झाले. मात्र जिथे लाकडी खांबतुळयांनी छप्पर पेलले होते, तिथे भिंती ढासळूनही पुष्कळ ठिकाणी ते उभे राहिले. म्हणजे शहाणपण गावच्या सुतारापाशी होते. ते सर्वांच्या घरी पोचले नव्हते. नकाशा बदलला तो २००२ मध्ये, माणसे गेल्यावर.

आणि आपण शिकलो म्हणावे, तर एप्रिल २०१६ मध्ये त्याच लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. पहिल्या गाडीत पाच लाख लिटर. पाण्याचा हिशेब ठेवण्याचे शिक्षण आपले अर्धेच राहिले होते.

मग परदेशी जावे की नाही? जपानचे उदाहरण घ्या. १८७६ मध्ये जॉन मिल्न हा इंग्रज तिकडे खाणविद्या शिकवायला गेला आणि तिथल्या धक्क्यांनी त्याला भूकंपशास्त्रज्ञ बनविले. पण जपानी लोक त्याच्यावर विसंबून राहिले नाहीत. फुसाकिची ओमोरी हा तरुण युरोपात अभ्यास करून परतला आणि टोकियोत प्राध्यापक होऊन त्याने ते शास्त्र आपल्या मातीत रुजविले. ते परक्यांचे शास्त्र उरले नाही.

तेव्हा आपल्या मुलांनी जरूर जावे. मोजमाप, नकाशे, दहा देशांची तुलना, हे सारे तिथे चांगले शिकता येते. फक्त निघण्यापूर्वी त्यांनी नहरीच्या काठाने एक दिवस चालावे, आजीला बहात्तर सालची गोष्ट विचारावी आणि किल्लारीला जाऊन यावे. इथे राहणाऱ्या आपणही आपल्या विहिरींचा आणि भिंतींचा हिशेब ठेवावा. नाही तर पुढच्या संकटाचा धडाही परक्या ग्रंथालयातच वाचावा लागेल, आणि त्याची किंमत मात्र आपण मोजलेली असेल.