कौटुंबिक कायद्याचे वकील (मावळ–लोणावळा)

विवाह, घटस्फोट, पोटगी व अपत्यांचा ताबा यांविषयीच्या दाव्यांत पक्षकाराची बाजू मांडणारा व्यावसायिक. या व्यवसायाचा पाया अधिवक्ता अधिनियम, १९६१ हा आहे. कायद्याच्या तीन किंवा पाच वर्षांच्या पदवीनंतर महाराष्ट्र व गोवा वकील परिषदेकडे (पहा : वकील परिषद) सनद घ्यावी लागते, २०१० पासून अखिल भारतीय वकील परीक्षाही आवश्यक आहे. अशी पदवी देणारे पुण्यातील आयएलएस विधी महाविद्यालय १९२४ चे. कौटुंबिक कायद्यासाठी वेगळी सनद नसते. प्रावीण्य ज्येष्ठ वकिलाच्या हाताखालील उमेदवारीतून येते.

मावळ तालुका पुणे महापालिकेच्या हद्दीबाहेर असून तालुक्याचे न्यायालय वडगाव येथे आहे. त्यामुळे येथील वकिलाला अधिकारक्षेत्राचे ज्ञान विशेष लागते. हिंदू विवाह अधिनियम, १९५५ च्या कलम १९ नुसार विवाहस्थळ, प्रतिवादीचे निवासस्थान वा दांपत्याचे अखेरचे एकत्र निवासस्थान यांवरून न्यायालय ठरते. २००३ पासून अर्जदार पत्नीला स्वतःच्या निवासस्थानीही अर्ज करता येतो. म्हणून मावळातील लोणावळ्यात झालेल्या विवाहाचा दावा, संबंधित निवासस्थान पुण्यात असल्यास, पुण्याच्या कुटुंब न्यायालयातही (पहा : कुटुंब न्यायालय) चालू शकतो. तेथे कुटुंब न्यायालय अधिनियम, १९८४ च्या कलम १३ प्रमाणे वकील देणे हा पक्षकाराचा हक्क नाही, न्यायालयाची परवानगी लागते. दिवाणी न्यायालयात हे बंधन नाही. घरगुती हिंसाचाराचे अर्ज (पहा : कौटुंबिक हिंसाचार) त्याविषयीच्या २००५ च्या अधिनियमानुसार प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यापुढे चालतात.