वाघिणींचा रंग

चांद्याच्या मुलखांत वाघीण म्हटली कीं ऐकणाऱ्याची नजर प्रथम ताडोब्याच्या रानाकडे वळते. परंतु रेल्वेच्या बोलींत वाघीण म्हणजे मालगाडीचा डबा. या दुसऱ्या वाघिणींनीं येथून कोळसा आणि सागवान वाहून नेलें. वरोऱ्याची खाण 1871 सालीं सुरू झाली व 1906 सालीं बंद पडली. वर्धा-वरोरा लोहमार्ग 1877 सालीं खुला झाला, तो मुख्यतः या कोळशासाठींच.

अशा गाड्यांच्या लहान प्रतिकृति करणाऱ्यांना मापें आराखड्यांतून मिळतात. अडतें तें रंगापाशीं. जुन्या छायाचित्रांत वाघीण काळी दिसली म्हणून ती काळी रंगवावी, अशी साधी समजूत असते, आणि तेथेंच फसगत होते. एकोणिसाव्या शतकांतील छायाचित्रांच्या कांचांवर तांबड्या प्रकाशाचा परिणाम जवळ जवळ होतच नसे. गेरूच्या रंगाची वाघीण चित्रांत काळी उतरे, आणि निळी वस्तु पांढुरकी. तांबड्यासह सर्व रंगांची उजळी टिपणाऱ्या कांचा इंग्लंडांतील रॅटन अँड वेनराइट या कंपनीनें विक्रीस आणल्या 1906 सालीं, म्हणजे वरोऱ्याची खाण मिटली त्याच वर्षीं!

मग साक्ष द्यावी कोणीं? लोखंडानें. जुन्या वाघिणीच्या क्रमांकपट्टीखालीं, रिव्हेटांच्या कडेस रंगाचे थर टिकून असतात. पॉलिशकागदानें हळूहळू घासल्यास झाडाच्या वलयांप्रमाणें ते एकाखालीं एक उमटतात. सर्वांत खालचा थर अस्तराचा. त्यास वाघिणीचा रंग समजूं नये. जवसाच्या तेलांत कालवलेला रंग अंधारांत पिवळटतो, म्हणून उघडा केलेला भाग कांहीं दिवस उजेडांत राहूं द्यावा. नमुना जुळवावा तोहि दिवसाउजेडीं. दिव्याखालीं जुळलेले दोन रंग उन्हांत वेगळे निघूं शकतात.

भारतीय वाघिणींवर पुष्कळदां आढळणारा तांबूस तपकिरी रंग लोहाच्या ऑक्साईडाचा. तो स्वस्त, आणि उन्हानें सहसा विटत नाहीं. लोहारा व सुरजागड येथील लोहखनिजांतहि मुख्यतः हेंच द्रव्य आहे!

एवढें करून मिळालेला रंग प्रतिकृतीवर जसाच्या तसा चढविला तर ती गडद दिसते. सत्त्याऐंशीपट लहान वाघीण दोन फुटांवरून पाहणें म्हणजे खरी वाघीण 174 फुटांवरून पाहण्यासारखें. तेवढ्या अंतरावर हवा रंग फिका करते. यासाठीं कुशल कारागीर त्यांत किंचित् पांढरा मिसळतात. वर कोळशाची धूळ हवीच. घुग्घुसच्या सायडिंगांत उभी असलेली वाघीण कोरी करकरीत दाखविणें हें चुकीच्या रंगाहून मोठें असत्य होय.

नागभीड-चांदा फोर्ट हा अरुंद मार्ग विसाव्या शतकाच्या अखेरीस रुंद झाला. नागपूर-नागभीडची छोटी गाडी 2019 सालीं थांबली. नागपुरास मोतीबाग येथें 2002 पासून अरुंद मार्गाचें संग्रहालय आहे. पण संग्रहांतल्या गाड्याहि पुनःपुन्हा रंगवाव्या लागतात, आणि नवा हात देण्यापूर्वीं जुना थर खरवडून टाकण्याची रीत आहे. त्या खरवडीपूर्वीं रुपयाएवढी जागा राखून तिजखालीं वाघिणीचा क्रमांक व साल लिहून ठेवण्यास अर्धा तासहि लागत नाहीं.