दप्तराची विद्या

इतिहास म्हटला कीं आमच्या लोकांच्या डोळ्यांपुढें गड आणि लढाया उभ्या राहतात. राज्य तलवारीनें मिळत असेल, पण चालतें तें कागदानें; आणि हा कागद लिहावयास माणसें कशीं शिकलीं, कोणापासून शिकलीं, व कोणास तें शिकतां आलें नाहीं, ह्याची चौकशी करण्याची हौस फारच थोड्यांस असते. ह्या उपेक्षित विषयाचा अल्पसा विचार करण्याचें आम्हीं येथें योजिलें आहे. निमित्त मात्र अगदीं आजचें आहे. संगणकावर पत्र कसें लिहावें, कोष्टक कसें मांडावें, लिहिलेलें जपून कोठें ठेवावें, हें आयुष्यांत प्रथमच शिकणारा मनुष्य आमच्या डोळ्यांसमोर आहे, आणि तो राजूरचा आहे.

राजूर हें पूर्वीच्या अहमदनगर, आतांच्या अहिल्यानगर जिल्ह्यांतील अकोले तालुक्याचें गांव. अकोल्याहून भंडारदऱ्यास जातांना तें वाटेवर लागतें. पलीकडे १९२६ सालीं पुरें झालेलें भंडारदऱ्याचें धरण, त्याच्याही वर प्रवरेचा उगम पोटाशीं धरून बसलेला रतनगड आणि महाराष्ट्रांतील सर्वांत उंच असें कळसूबाईचें शिखर. ह्या डोंगरांतून महादेव कोळी आणि ठाकर यांची जुनी वस्ती आहे. त्यांच्यासाठीं असलेल्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाची कचेरी राजुरासच आहे; म्हणून आसपासच्या पाड्यांतील मनुष्यास सरकार म्हणजे बहुधा राजूर. वसतिगृह असो, शिष्यवृत्ति असो, योजना असो, प्रत्येक वाटेच्या तोंडाशीं एक अर्ज उभा असतो. अर्ज एकाचा आणि अक्षर दुसऱ्याचें, ही तर आमच्याकडील फार जुनी रीत. ह्या रीतीचाच इतिहास आम्हांस पाहावयाचा आहे.

‘दप्तर’ हा शब्दच प्रथम घ्या. फारसीतून तो मराठींत आला आणि येथें त्यानें दोन संसार थाटले. कारभाराच्या कागदांचा संग्रह तें दप्तर, आणि शाळेस निघालेल्या पोराच्या खांद्यावरील पिशवी तेंही दप्तर. एकाच शब्दाचे हे दोन अर्थ, परंतु पुष्कळ काळपर्यंत दुसऱ्या दप्तरांतून पहिल्या दप्तरांत जाण्याची वाट मोजक्या घरांपुरतीच खुली होती. ती वाट मोडीची. आधीं कागदावर आडवी ओळ आंखावी, मग बोरू दौतींत बुडवून तिच्याखालीं अक्षरें टांगीत जावें, आणि हात शक्य तों उचलूं नये, असा तो अभ्यास असे. समोर कित्ता ठेवून तोच तो मजकूर गिरवीत उमेदवाराचे महिनेच्या महिने जात. हेमाद्रीच्या नांवावर चालणारें ‘मेस्तक’ म्हणून एक जुनें प्रकरण आहे. लेखनाची रीत, हिशेबाची पद्धति आणि कारकुनानें कसें वागावें ह्याचा उपदेश त्यांत एकत्र केलेला आढळतो. आजच्या भाषेंत बोलावयाचें तर नवशिक्यासाठीं केलेली ती मार्गदर्शिकाच होय.

शिवाजीमहाराजांनीं हा प्रश्न भाषेच्या बाजूनें हातीं घेतला. त्यांच्या आज्ञेवरून सिद्ध झालेला, व रघुनाथपंत हणमंते यांच्या नांवाशीं जोडला गेलेला ‘राज्यव्यवहारकोश’ प्रसिद्ध आहे. दरबारांतील फारसी शब्दांस त्यांत संस्कृत प्रतिशब्द दिले आहेत. कारभाराचे शब्द आपले असावेत ही दृष्टि थोर होती, ह्यांत शंका नाहीं. तथापि नांगर धरणाऱ्या कुणब्यास फारसी जितकी दूर, तितकीच संस्कृतही दूर होती. शब्द बदलले, पण दप्तराच्या उंबऱ्याबाहेर जो उभा होता तो तेथेंच उभा राहिला.

ह्या उंबऱ्याबाहेर उभें राहण्याची किंमत काय असते, हें नगर जिल्ह्याइतकें दुसऱ्या कोणास क्वचितच ठाऊक असेल. अकोले तालुक्यांतीलच देवगांवचा राघोजी भांगरे इंग्रजांच्या व सावकारांच्या विरुद्ध उठला, आणि २ मे १८४८ रोजीं ठाण्यास फांशीं गेला. पुढें २७ वर्षांनीं, १२ मे १८७५ रोजीं, पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें शेतकऱ्यांनीं सावकारांच्या घरांवर गर्दी केली, व तो वणवा नगर जिल्ह्यांतही पसरला. ह्या दंग्यांची एक खूण वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. लोकांचा रोख मुख्यत्वें कर्जखतांवर होता; तीं हातीं आलीं कीं तीं जाळावीं, आणि बहुतेक ठिकाणीं तेवढ्यानेंच थांबावें. ज्या कागदानें शेत गेलें तो कागद त्यांना वाचतां येत नव्हता, आणि जो वाचतां येत नाहीं त्याचें उत्तर त्यांनीं विस्तवानें दिलें. सरकारनें १८७९ सालीं दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा केला, त्यांतही कुळाचें खत गांवच्या रजिस्ट्रारानें स्वतः किंवा आपल्या देखरेखीखालीं लिहवावें, अशी तजवीज होती. रोग लिहिण्यांत आहे हें निदान बरोबर झालें. औषध मात्र पुन्हां तिसऱ्याच माणसाच्या हातचें होतें.

त्यानंतर टंकलेखनयंत्र आलें. गोदरेजनें १९५५ सालीं भारतीय बनावटीचें यंत्र काढलें. १९६४ च्या राजभाषा अधिनियमानें मराठीस राज्यकारभारांत स्थान दिलें. आणि गांवोगांवच्या टंकलेखन-वर्गांतून खडखडाट सुरू झाला. हाही कित्ताच होता, फक्त बोरूच्या जागीं दहा बोटें आलीं. तरीही ही विद्या नोकरीच्या उमेदवाराचीच राहिली. स्वतःचा अर्ज स्वतः लिहितां यावा म्हणून टंकलेखन शिकलेला शेतकरी आमच्या तरी पाहण्यांत नाहीं. कचेरीच्या बाहेर झाडाखालीं यंत्र मांडून बसलेला अर्जनवीस मात्र सर्वांच्या ओळखीचा होता.

आतां संगणकाकडे वळूं. त्याचें घराणें परदेशांतील, आणि त्यांतील सर्व चित्र कचेरीवरून उचललेलें. १९८१ सालीं झेरॉक्स कंपनीनें ‘स्टार’ नांवाचें यंत्र विकावयास काढलें, त्याच्या पडद्यावर लेखनिकाचें मेजच रेखाटलें होतें: कागद, फायली, फोल्डर. मेजाशीं बसणाऱ्यास तें पाहतांच उमगावें हा हेतु. परंतु ज्यानें कचेरी केवळ खिडकीच्या अलीकडून पाहिली, त्याला हें चित्र उमगावें कसें? येथेंच नवशिक्याची पहिली ठेंच आहे, आणि ती बुद्धीची नसून ओळखीची आहे. शिकविणाऱ्यानें थोडी कल्पकता दाखविली तर ती सहज दूर होते. पुण्याच्या पेशवे दप्तरांत कागद कापडांत बांधून ठेवीत व त्या गांठोड्यास ‘रुमाल’ म्हणत. फोल्डर म्हणजे रुमाल, असें सांगावें; भाकरी फडक्यांत बांधून रानांत जाणाऱ्यास तें दुसऱ्यांदा सांगावें लागणार नाहीं.

दुसरी अडचण अक्षरांची होती. १९८८ सालीं पुण्यास स्थापन झालेल्या सी-डॅकनें भारतीय लिप्या संगणकावर आणण्याचें मोठें काम केलें, तरी पुष्कळ वर्षें प्रत्येक फॉण्टाचें गणित निराळें असे, आणि एका यंत्रावर लिहिलेला मराठी मजकूर दुसऱ्यावर उघडला कीं भुताटकी झाल्यासारखीं चिन्हें दिसत. १९९१ च्या युनिकोडांत देवनागरीस स्थान मिळालें व पुढें तें सर्वत्र रुळलें, तेव्हां हा घोटाळा आवरला. इन्स्क्रिप्ट नांवाच्या कळफलकांत स्वर डाव्या हाताशीं व व्यंजनें उजव्या हाताशीं आहेत. ज्याला बाराखडी येते त्याची अर्धी शिकवणी येथेंच झाली. मोडी शिकणाऱ्यास असली सवलत नव्हती.

२००१ सालीं स्थापन झालेल्या महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनचा एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम राज्यभर पसरला, आणि सरकारी नोकरीस संगणकाची अर्हता लागूं लागल्यावर तर वर्ग भरून वाहूं लागले. ह्याचें श्रेय द्यावें तितकें थोडें. कारण मराठींतून, घराजवळ, शेतकऱ्याच्या मुलाला आणि मुलीला ही विद्या मिळाली. तरी एक जुनी खोड आमची सुटली नाहीं. टंकलेखनाप्रमाणें हिचाही हिशेब प्रमाणपत्रावर होऊं लागला. कोणती कळ केव्हां दाबावी हें पाठ असतें, पण घरचा अर्ज लिहावयाचा झाला कीं पावलें पुन्हां दुसऱ्याच्या दुकानाकडे वळतात. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळूं लागला, अनेक दाखल्यांचे अर्जही संगणकावर आले. म्हणजे कचेरीची खिडकी घरांत आली. मात्र झाडाखालचा अर्जनवीसही तिच्या मागोमाग पडद्यापाशीं येऊन बसला.

नवशिक्याच्या भीतीस हंसणारांनीं आमचीही कथा ऐकावी. पहिल्याच आठवड्यांत आम्हीं एक सबंध सकाळ खपून चार पानें लिहिलीं, तीं जतन करण्याचें सुचलें नाहीं, आणि वीज गेली. बोरूनें लिहिलेलें दिवा विझल्यानें पुसलें जात नसे, हा विचार त्या अंधारांत आमच्या मनांत आल्यावांचून राहिला नाहीं. त्या दिवसापासून दर परिच्छेदास आमचें बोट आपोआप जतन करण्याच्या कळेवर जातें. कित्ता असाच गिरवला जातो.

ह्या सर्व विद्येंत आम्हांस सर्वांत मोलाचें वाटतें तें कोष्टक. अमेरिकेंत डॅन ब्रिकलिन नांवाचा विद्यार्थी वर्गांत बसला असतां त्याच्या ध्यानांत आलें, कीं फळ्यावरील एक आंकडा बदलला तर पुढचे सारे पुसून पुन्हां मांडावे लागतात. ह्या त्रासांतून १९७९ सालीं ‘व्हिसीकॅल्क’ निघालें, व आजचें एक्सेल त्याच कुळांतलें. आतां राजूरचा आमचा शिकाऊ एका रकान्यांत मुद्दल मांडतो, दुसऱ्यांत व्याजाचा दर, तिसऱ्यांत महिने. सूत्र घालतो, आणि देणें किती तें त्याच्यापुढें उभें राहतें. दर बदलून पाहतो, तों देणेंही बदलतें. मग बचत गटाच्या वहीशीं तो ताळा पाहतो. तो पाहिलाच पाहिजे, कारण चुकीचा आंकडा घातला तर यंत्र चुकीचेंच उत्तर तितक्याच ऐटीनें देतें. १८७५ सालीं ज्यांनीं खतें जाळलीं त्यांना नेमकें हेंच करतां येत नव्हतें. आपण किती देणें लागतों हें त्यांना दुसऱ्याच्याच तोंडून ऐकावें लागे.

म्हणून राजूरच्या वर्गांत शिकविणारांस आमची एवढीच विनंती आहे, कीं पहिला कित्ता कल्पित कंपनीच्या कल्पित पत्राचा घालूं नये. शिकणाऱ्याचा स्वतःचा अर्ज, स्वतःच्या घरचा हिशेब, स्वतःच्या गावचें नांव, ह्यांवरच त्याचें बोट प्रथम फिरूं द्यावें. तें हळू फिरेल, चुकेल, खोडेल. परंतु त्या कागदावर अर्जही त्याचा असेल आणि अक्षरही त्याचेंच असेल.