वॉरंटीचे हस्तांतरण (जुनी मोटार, अमेरिका)

जुनी मोटार विकल्यावर तिच्या दुरुस्तीवरची उरलेली वॉरंटी नव्या मालकाला मिळते का, हे अमेरिकेत मुख्यतः लेखी अटींवर आणि 1975 च्या मॅग्नसन-मॉस वॉरंटी कायद्यावर ठरते. ‘पूर्ण’ म्हणून दिलेली वॉरंटी मुदत संपेपर्यंत प्रत्येक मालकाला लागू होते. ‘मर्यादित’ वॉरंटी मात्र पहिल्या खरेदीदारापुरती ठेवता येते, आणि मोटारींच्या बहुतेक वॉरंट्या याच प्रकारच्या असतात. ह्युंदाईची इंजिन-गिअरबॉक्सवरची 10 वर्षे किंवा 1,00,000 मैलांची वॉरंटी पहिल्या मालकासाठी आहे. पुढच्या मालकाला सामान्यतः मूळ तारखेपासून 5 वर्षे किंवा 60,000 मैलच मिळतात.

फसगत अधिक होते ती गॅरेजच्या ‘आजीवन’ वॉरंटीत. सायलेन्सरवरची अशी वॉरंटी पुष्कळदा ग्राहकाकडे गाडी असेपर्यंतच चालते, म्हणजे विक्रीबरोबर संपते. ‘आजीवन’ म्हणजे कोणाचे आयुष्य, हे जाहिरातीत स्पष्ट करावे, असे फेडरल ट्रेड कमिशनचे मार्गदर्शन आहे आणि ते रास्तच आहे. निव्वळ मजुरीवरची हमी मॅग्नसन-मॉस कायद्याबाहेर राहते. तिथे राज्याचा कायदा आणि बिलावरची अट पाहावी लागते. म्हणून सौद्यापूर्वीच विक्रेत्याकडून दुरुस्तीचे मूळ बिल आणि वॉरंटीपत्र मागून घ्यावे.