तातियाना : एका नावाची कुळकथा

रशियात घरोघरी लाडाने ‘तान्या’ म्हणून हाक मारली जाते, ते ‘तातियाना’ हे नाव मूळचे रोमचे. सॅबाइन लोकांचा दंतकथेतील राजा तातियुस याच्या कुलनामाशी त्याचे नाते जोडले जाते. तिसऱ्या शतकात रोममध्ये हौतात्म्य पत्करलेल्या संत तातियानेमुळे ते पवित्र ठरले आणि बायझंटाइन धर्मपरंपरेबरोबर स्लाव्ह भूमीत पोचले.

या संताच्या स्मृतिदिनी, जुन्या पंचांगाप्रमाणे १२ जानेवारी १७५५ रोजी, सम्राज्ञी एलिझाबेथने मॉस्को विद्यापीठाच्या स्थापनेच्या आज्ञापत्रावर सही केली. तेव्हापासून तातियाना विद्यार्थ्यांची कैवारी झाली. नव्या पंचांगातील २५ जानेवारी हा दिवस आजही विद्यार्थी साजरा करतात.

तरीही पुढे उमरावांच्या घरांतून हे नाव मागे पडले. ते खेडवळ, दासींना शोभणारे वाटू लागले. १८२६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘येव्हगेनी ओनेगिन’च्या दुसऱ्या सर्गात पुश्किनने नायिकेला ते दिले, तेव्हा वाचकांपुढे त्याला त्याचे समर्थन करावे लागले. पण त्या मानी, सत्यनिष्ठ नायिकेने वाचकांची मने जिंकली. १८७९ मध्ये चायकोव्हस्कीच्या संगीतिकेने तिला रंगभूमीवर आणले. विसाव्या शतकात तर हे नाव रशियातील अतिपरिचित स्त्रीनामांत जाऊन बसले. राजकुळाने आणि संतपदाने जे टिकवले नाही, ते एका कवीने टिकवले.